आधी कॅलेंडर, मग पील!

गणपती गेले. दोन महिने रोज संध्याकाळी ढोलाचा सराव आणि विसर्जनाच्या दिवशी भर उन्हात मिरवणूक, यामुळे पथकातल्या मुलामुलींचे चेहरे चांगलेच रापलेत. आता नवरात्र तोंडावर आलंय, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न आणि त्यापाठोपाठ लगीनसराई. तुमच्या इन्स्टा फीडवर 'फेस्टिव्ह ग्लो', 'डी-टॅन पॅकेज', 'ब्रायडल पील, तीन सिटिंगवर एक फ्री' असल्या जाहिरातींचा पाऊस एव्हाना सुरू झालाच असेल. पॉकेटमनी साठलाय किंवा पहिलावहिला पगार झालाय, आरशात गालावरचे डाग दिसतायत आणि अंगठा 'बुक नाऊ'वर जाऊन थांबलाय.

जरा दम धरा. ते बटण दाबण्याआधी फोनमधलं कॅलेंडर उघडा. फोनमधलं नको असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय चालेल, उलट तेच बरं. त्यात सण आणि मुहूर्त दोन्ही असतात.

डाग घालवायला काय लावायचं, कोणतं सीरम, कुठलं पील, कोणतं लेझर, यावर रिल्सचा ढीग पडलाय. पण ते वर्षातल्या कोणत्या महिन्यात करायचं, यावर कुणी फारसं बोलत नाही. आणि जे बोलतात ते एकच वाक्य सांगतात: 'हिवाळ्यात करा.' हे वाक्य खोटं नाही. पण ज्या देशांतून ते आलंय तिथला हिवाळा आणि आपला हिवाळा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो समजून न घेता पील केलं तर डाग कमी होण्याऐवजी गडद होऊ शकतात.

त्वचेची खोड

आधी थोडं विज्ञान, कंटाळू नका. त्वचेला रंग येतो मेलॅनिनमुळे. ऊन लागलं की त्वचेतल्या काही पेशी ते जास्त बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. तिथे ते पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं जाऊन बसतं, आतल्या डीएनएला ऊन लागू नये म्हणून. म्हणजे ज्या 'टॅन'ला आपण शिव्या घालतो, तो खरं तर शरीराने स्वतःहून उघडलेला छत्रीचा प्रकार आहे.

केमिकल पीलमध्ये आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढतात. लेझरमध्ये प्रकाशाचा मारा करून मेलॅनिनचे कण फोडतात. दोन्हीनंतर काही दिवस चेहरा कोवळा असतो आणि उन्हात पटकन चिडतो. आता आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेची एक खोड आहे. ती चिडली की काळी पडते. डास चावून खाजवलं, डाग. वॅक्सने भाजलं, डाग. मुरूम फोडला, डाग. तसंच पीलने चिडली तरी डागच. गोऱ्या युरोपियन त्वचेला याच चुकीची शिक्षा म्हणून लाली येते आणि ती जाते. आपल्याला मिळालेला डाग महिनोन् महिने मुक्काम ठोकतो.

जाता जाता एक गंमत. त्वचेचे प्रकार सांगणारी जी फिट्झपॅट्रिक पट्टी डॉक्टर वापरतात, ती १९७५ मध्ये तयार झाली तेव्हा तिच्यात चारच प्रकार होते आणि सगळे गोऱ्यांचे. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. तेव्हा परदेशी यूट्यूबरने सांगितलेला सल्ला आपल्या चेहऱ्यावर जसाच्या तसा चिकटवण्याआधी एवढं आठवा.

नक्की डाग कसला?

सीझनचा विचार करण्याआधी हे कळायला हवं. पथकात वाजवून किंवा ट्रेकला जाऊन रापलेला चेहरा हा नुसता टॅन आहे. ऊन टाळलं आणि सनस्क्रीन लावलं की तो काही आठवड्यांत आपोआप उतरायला लागतो. कारण त्वचेचा वरचा थर साधारण महिना-दीड महिन्यात बदलत असतो. त्यासाठी पैसे मोजून पील करणं म्हणजे पाऊस थांबणारच आहे हे माहीत असून टॅक्सी करण्यासारखं.

मुरुमांनंतर राहिलेले तपकिरी डाग ही दुसरी गोष्ट. ते जातात, पण त्यांना महिने लागतात आणि नवे मुरूम येत राहिले तर कितीही पील करा, हिशोब शून्यावरच. आधी मुरूम आटोक्यात आणायचे.

आणि तिसरं म्हणजे वांग. आजीच्या तोंडी हा शब्द तुम्ही ऐकला असेल, डॉक्टर त्याला मेलाझ्मा म्हणतात. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटणारे तपकिरी पट्टे. याला ऊन तर लागतंच, शिवाय हार्मोन्स, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता असा बराच गोतावळा असतो. वांग कमी करता येतं, पण त्याची परत येण्याची सवय मोठी आहे. ऋतूचं गणित सगळ्यात जास्त लागू पडतं ते इथे. उन्हाळ्यात ते गडद होतं आणि थंडीत जरा फिकं. गंमत म्हणजे थंडीत फिकं झाल्याचं श्रेय बहुतेक वेळा त्या महिन्यात घेतलेल्या क्रीमला मिळतं.

मानेवरचा मखमली काळपटपणा मात्र यातला नाही. तो अनेकदा वजन आणि इन्सुलिनशी जोडलेला असतो, त्याला कुठलाच सीझन नाही. घासून घासून मान सोलवटून काढणाऱ्या आयांना हे कुणीतरी सांगायला हवं. तिथे स्क्रबरपेक्षा शुगर तपासणं जास्त कामाचं.

सावली बघा

आता मुद्द्यावर येऊ. उन्हाची ताकद उकाड्यावरून मोजू नका, सावलीवरून मोजा. सूर्य जितका डोक्यावर, तितके अतिनील किरण जास्त. सोपी खूण अशी की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल, तर ते ऊन त्वचेसाठी कडक.

मे महिन्यात आपल्याकडे 'शून्य सावली दिवस' येतो हे शाळेत ऐकलं असेल. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात महिनाअखेरीस. त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये 'यूव्ही इंडेक्स' नावाचा एक आकडा असतो, तो या दिवसांत अकराच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात अकरा म्हणजे टोकाचा धोका आणि तीनपासूनच काळजी घ्यायला सुरुवात करायची असते.

डिसेंबरात काय होतं? लंडनमध्ये २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पंधरा अंश वर येतो. ते ऊन असून नसल्यासारखं. म्हणून तिकडचे लोक बिनधास्त म्हणतात, 'थंडी आली, पील करून घ्या.' त्याच दिवशी मुंबई-पुण्यात सूर्य सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. तुमची सावली तुमच्या उंचीहून किंचित लहानच पडते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मवाळ दिवशीसुद्धा आपलं दुपारचं ऊन सावलीच्या परीक्षेत नापास होतं. आपला हिवाळा उपचारांसाठी बरा आहे तो मे महिन्याच्या तुलनेत. सनस्क्रीनला सुट्टी द्यावी इतका बरा तो कधीच नसतो.

आणि नेमकं थंडीतच आपण उन्हात बसतो! कॉलेजच्या कट्ट्यावर, गच्चीवर, संत्री सोलत, कोवळं ऊन म्हणत. सकाळी आठचं ठीक आहे, पण बारा वाजता स्वेटर घालून उन्हात बसलेलं असताना चटका जाणवत नाही, अतिनील किरण मात्र आपलं काम करत असतात. त्यात भर म्हणजे थर्टीफर्स्टची गोवा ट्रिप. डिसेंबरात पील आणि आठवड्याभरात बागा बीच, हे कॉम्बिनेशन म्हणजे पैसे भरून डाग विकत घेणं. वाळूवरून ऊन परत चेहऱ्यावर उडतं ते वेगळंच. लग्नानंतर मनाली-काश्मीर ठरलं असेल तर अजून सावध राहा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि दर हजार मीटर उंचीला त्यांची ताकद साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हवा थंड, ऊन कडक.

मग पावसाळा? ढग आहेत, ऊन नाही, मस्त संधी, असं वाटतं. अर्धवट खरं आहे. काळ्याकुट्ट ढगांच्या दिवशी किरण बरेच अडतात. पण विरळ ढगांमधून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. शिवाय जुलैच्या अखेरीस मुंबई-पुण्यात सूर्य पुन्हा एकदा बरोबर डोक्यावर येतो, ढगांमुळे तो दुसरा शून्य सावली दिवस आपल्याला दिसत नाही इतकंच. तरी माझं मत विचाराल तर श्रावण-भाद्रपद हा क्रीमने उपचार सुरू करायला अगदी चांगला काळ आहे. हवेत ओलावा असतो, त्यामुळे रात्री लावायच्या रेटिनॉइडसारख्या क्रीमने चेहरा तितका कोरडा पडत नाही. हेच क्रीम जानेवारीत विदर्भात किंवा नाशकात सुरू केलं तर आधीच फुटलेला चेहरा आणखी सोलतो, आणि सोललेला चेहरा काळा पडतो हे वर आलंच आहे.

सगळ्यात फसवा महिना ऑक्टोबर. पाऊस गेला, ढग हटले, ऊन थेट अंगावर, आणि आपण अजून छत्री-रेनकोटच्या मूडमध्ये. उकाड्याने घाम येतो म्हणून सनस्क्रीन नको वाटतं. त्यातच नवरात्रीआधीचा 'इन्स्टंट ग्लो' करून घ्यायची घाई. नऊ दिवस नऊ रंगांचे फोटो काढायचे असतात ना! फेशियल, स्क्रब, ब्लीच यातलं जे काही चेहरा जळजळवतं, ते ऑक्टोबर हिटमध्ये न केलेलं बरं.

उलटं मोजायचं

उपचारांना लागणारा वेळ हा बहुतेकांच्या हिशोबातच नसतो. डागांवरच्या क्रीमचा फरक दिसायला साधारण आठ ते बारा आठवडे जातात. पील एका दिवसात होतं, पण एकाने भागत नाही. साधारण चार ते सहा सिटिंग, प्रत्येकात दोन ते चार आठवड्यांचं अंतर, आणि पहिल्याच्या आधी दोन-चार आठवडे त्वचा तयार करायला क्रीम. शेवटचं पील कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी उरकलेलं हवं, म्हणजे काही बिनसलंच तर सावरायला वेळ मिळतो.

आता कॅलेंडरवर बोट ठेवून मागे या. लग्न १ डिसेंबरच्या आसपास आहे. तीन आठवडे मागे, म्हणजे शेवटचं पील ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. चार सिटिंग तीन-तीन आठवड्यांनी धरली तर पहिलं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी तयारीचे तीन आठवडे. आलो ना थेट १५ ऑगस्टला? झेंडावंदन करून आल्यावर डॉक्टरकडे जायला हवं होतं. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त धरलेल्यांनी आज पील बुक करण्यात हशील नाही. त्यांनी क्रीम आणि सनस्क्रीन यावर भर द्यावा. अडीच महिन्यांत तेवढ्यानेही बराच फरक पडतो आणि बिघडण्याची भीती कमी.

पौषात लग्नं नसतातच. माघ-फाल्गुनातलं, म्हणजे फेब्रुवारीतलं लग्न असेल तर तुम्ही सुदैवी. तयारी ऑक्टोबरात, पील नोव्हेंबर ते जानेवारी, आणि सगळं मवाळ उन्हात.

खरी गोची एप्रिल-मेच्या लग्नांची. आपल्याकडे सुट्ट्यांमुळे निम्मं गाव तेव्हाच बोहल्यावर चढतं आणि पार्लरवाले मार्चपासून 'ब्रायडल पॅकेज' सुरू करतात. म्हणजे जेव्हा थांबायला हवं, तेव्हा आपण सुरू करतो. मेच्या लग्नासाठी पील सुरू करायचं ते डिसेंबरात आणि संपवायचं फेब्रुवारीत. होळीच्या आधी, हे नक्की धरा. सोललेल्या चेहऱ्यावर रंगपंचमीचे केमिकल रंग म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मार्चपासून लग्नापर्यंत फक्त डॉक्टरने दिलेलं साधं क्रीम आणि सनस्क्रीन.

आमच्या कॉलेजमधल्या एका सीनियरचं लग्न गेल्या मेमध्ये झालं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिने घराजवळच्या पार्लरमध्ये पील करून घेतलं. दोन दिवसांनी आईबरोबर स्कूटीवरून पत्रिका वाटायला निघाली, साहजिकच दुपारी, कारण दुपारीच लोक घरी सापडतात. आठवड्याभरात दोन्ही गालांवर आधी नव्हते असे गडद पट्टे उमटले. मग घाबरून काकूने सुचवलेला लिंबाचा रस लावला. मग हळद. मेकअप आर्टिस्टने जाड थर देऊन फोटोपुरतं सावरलं. ते पट्टे पूर्ण जायला दिवाळी उजाडली. लग्नाचा अल्बम घरात आहे, पण ती तो कुणाला आपणहून दाखवत नाही. पार्लरमधल्या ताईने तिला विचारलं होतं, 'कार्यक्रम कधी आहे?' 'मधल्या दिवसांत उन्हात फिरणार आहेस का?' हे मात्र विचारलं नव्हतं.

लिंबाबद्दल आलंच आहे तर सांगते. लिंबाच्या रसात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं, कधी फोड येतात आणि मागे काळे ओघळ राहतात. उन्हाळ्यात चेहऱ्याला लिंबू लावून गच्चीवर पापड वाळत घालायला जाणं हा खरोखरच अपघात आहे. लिंबू सरबतात छान लागतं, तिथेच राहू दे. हळदीच्या कार्यक्रमालाही, पील होऊन फार दिवस झाले नसतील तर गालाला नुसतं बोट लावून घ्या. मैत्रिणी खसाखसा चोळतात, त्यांना आधीच ताकीद द्या.

'दादा, ती ट्यूब द्या ना'

वेळ कमी असला की माणूस शॉर्टकट शोधतो, आणि तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. 'दादा, डागांवर काहीतरी द्या ना.' 'ही घे, सगळे हीच नेतात.' सगळे नेतात ती ट्यूब बऱ्याचदा तीन औषधांचं मिश्रण असते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. मूळ कल्पना जुनी आहे, क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ती मांडली. वांगावर ती आजही उपयोगी औषध आहे, पण डॉक्टरच्या नजरेखाली आणि मोजक्या आठवड्यांपुरती. आपल्याकडे ती फेअरनेस क्रीमसारखी वर्षानुवर्षं चोपडली जाते.

पहिले दहा-पंधरा दिवस जादू होते. चेहरा उजळतो, मुरूम बसतात, फोटोवर 'ग्लोइंग' अशा कमेंट्स येतात. मग ट्यूब सोडली की चेहरा लाल होतो, जळतो, पुरळ येते. म्हणून पुन्हा लावायची. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुलींना गालांवर लव येते. थंडीत हे झाकलं जातं. मार्चचं ऊन सुरू झालं की पाच मिनिटं बाहेर उभं राहवत नाही इतका चेहरा पेटतो. आणि नुसतं हायड्रोक्विनोनही फार काळ लावलं तर कधी कधी उलटा परिणाम होऊन निळसर-काळे डाग पडतात, ते जाता जात नाहीत. म्हणूनच डॉक्टर ते काही महिन्यांनी थांबवतात.

स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये ती शेड्यूल एचमध्ये घातली. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याआधीपासून ओरडत होती. तरी काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे हे ओळखा. आधीपासून लावत असाल तर हे वाचून एकदम फेकूनही देऊ नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू बंद करा. आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती तर हातातही घेऊ नका. केरळमध्ये २०२३ मध्ये काही रुग्णांच्या किडनीच्या आजाराचा माग काढताना पाऱ्याने भरलेली गोरेपणाची क्रीम सापडली होती.

मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. दाढीच्या कडेचे डाग, क्रिकेटने रापलेलं कपाळ, भर दुपारी डिलिव्हरीच्या बाइकवर काढलेले तास. 'सनस्क्रीन काय लावायचं, मुलगी आहे का मी' असं म्हणणारेच मित्राने सांगितलेली ट्यूब गपचूप लावताना मी पाहिलेत.

बारमाही काम

पील-लेझर सीझन बघून, पण सनस्क्रीन बारा महिने. त्यातही आपण कंजुषी करतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर काढलेल्या पूर्ण रेघा लागतात, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. असं लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. तुमची एक ट्यूब चार महिने चालत असेल तर तुम्ही सनस्क्रीनचा वास लावताय.

वांग असेल तर आणखी एक बारकावा. आपल्या त्वचेवर नुसते अतिनील किरणच नाही, साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो. नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, थोडं त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. आणि बसच्या किंवा कॅबच्या काचेवर भरवसा ठेवू नका. भाजणारे किरण काच अडवते, पण काळं करणारे यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येतात. रोज खिडकीशी बसणाऱ्यांनी जागा बदलून बघावी.

स्वस्त उपायही आहेत. पुण्यातल्या मुलींच्या तोंडाला गुंडाळलेल्या स्कार्फची कितीही थट्टा झाली तरी त्वचेच्या बाजूने बघितलं तर तो शहाणपणाच आहे. कापड मात्र घट्ट विणीचं हवं. झिरझिरीत ओढणीतून ऊन आरपार येतं. आणि कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो, तिथे सनस्क्रीन लावा.

लेझरबद्दल कमी लिहिलं, कारण ते घाईचं काम नाही. वांगावर ते पहिल्या फळीतलं नाही, आपल्या त्वचेवर डाग उलटून येण्याची किंवा पांढरे ठिपके पडण्याची शक्यता राहते. ऑफर आहे म्हणून लेझर, हे कुठल्याच महिन्यात नको.

डॉक्टर शोधताना पाटी नीट वाचा. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले हवेत. 'कॉस्मेटॉलॉजी सर्टिफिकेट' ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे तपासता येतं. खासगी फी परवडत नसेल तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, जेजे, नागपुरात मेडिकल, सगळीकडे त्वचारोग विभागाची ओपीडी असते. रांग मोठी असते, सकाळ जाते, पण केसपेपर अगदी थोडक्यात होतो.

जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, मोकळ्या झालेल्यासुद्धा. घेत असलेल्या गोळ्यांची नावं, गर्भनिरोधक गोळ्यांसकट. आणि पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा: परीक्षा, इंडस्ट्रियल व्हिजिट, ट्रेक, चुलतभावाचं लग्न, गोव्याचं आधीच काढलेलं तिकीट. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. सुरू करायच्या दिवशी एक फोटो काढा, बिनफिल्टरचा, एकाच खिडकीशी, एकाच वेळी, आणि मग दर महिन्याला तसाच. रोज आरशात बघून काहीच बदललेलं दिसत नाही आणि माणूस तिसऱ्या आठवड्यातच कंटाळून ती मेडिकलवाल्या दादाची ट्यूब घेऊन येतो.